जुन्या जिन्यावर ग्रॅनाइट बसवायचाय, फरशी काढावी की वरूनच चिकटवावा?

उंबरठा

घरातल्या जिन्याचं काम काढतोय. जिना आरसीसीचा आहे, वर जुनी मोझॅक फरशी. खालपासून वरपर्यंत सोळा वेळा पाय उचलावा लागतो, आठव्याला लँडिंग येतं. पायऱ्यांच्या कडा फुटल्यात आणि रेलिंग हलतं.

ठेकेदाराचं म्हणणं, काळा पॉलिश ग्रॅनाइट आहे त्या फरशीवरच चिकटवू, तीन दिवसांत मोकळे. फरशी काढायची म्हटलं तर धूळ आणि दहा दिवस. हॉलची आणि वरच्या मजल्याची फरशी आम्ही बदलणार नाही.

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, खोली वर आहे. दिवसातून तीन-चार वेळा खाली येतातच. जिना दिसायला चांगला व्हावा ही इच्छा आहेच, पण त्यांना त्याची भीती वाटू नये हे जास्त महत्त्वाचं. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

कवडसा

फरशी काढून घ्या. आम्ही काढली नाही आणि ते वडिलांना भोगावं लागलं.

दगड 18 मिमीचा आणि खाली चिकटवायचा मसाला, असा मिळून 25 मिमीचा थर प्रत्येक पायरीवर चढला. मधल्या पायऱ्यांना काही झालं नाही, कारण खालची जेवढी वर आली तेवढीच वरचीही आली. पण हॉलची जमीन होती तिथेच राहिली, त्यामुळे 175 मिमीची पहिली पायरी 200 झाली. वरच्या मजल्याची फरशीही जागची हलली नाही, म्हणून शेवटची पायरी 150 वर आली. एकाच जिन्यात पाच सेंटिमीटरचा फरक!

वडील त्या जिन्यावरून वीस वर्षं अंधारातही उतरायचे. पायांना उंची पाठ झालेली असते, डोळे तिकडे बघतही नाहीत. काम झाल्यावर चौथ्या दिवशी उतरताना शेवटच्या पायरीवरून पाय खाली टाकला, जमीन लागायला हवी तिथे लागली नाही. तोल गेला, मनगट मोडलं. पुढे सगळा दगड उखडून काम पुन्हा केलं. तेव्हा धूळही झाली आणि दहा दिवसही गेले.

ओळंबा

मी जिन्यांची आणि फरशीची कामं करतो, अठरा वर्षं झाली. वर लिहिलंय ते अगदी खरं आहे. पहिली आणि शेवटची पायरी बिघडलेले कितीतरी जिने मी पाहिलेत, आणि ते दिसायला सुंदर असतात.

ताई, दगड निवडायच्या आधी सगळ्या पायऱ्या मोजा. नुसती टेप उभी लावू नका, कड झिजलेली असली की माप फसवतं. वरच्या पायरीवर स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून थोडी बाहेर काढा आणि तिच्या खालच्या कडेपासून खालच्या पायरीपर्यंत मोजा. सोळाही आकडे कागदावर लिहा. पाय ठेवायची रुंदीही मोजा. दोन रायझर (पायरीची उभी बाजू, म्हणजे उंची) आणि एक ट्रेड (पाय ठेवायचा आडवा भाग) यांची बेरीज 600 ते 640 मिमीच्या आसपास आली तर जिना पावलाला बरा पडतो. हा हिशेब सतराव्या शतकात ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुरचनाकाराने माणसाच्या पावलावरून मांडला. आकडे थोडे बदलले, पण आम्ही अजून त्याच रीतीने चालतो.

तोडताना मोठा ब्रेकर लावू देऊ नका. जिन्याचा भार खालच्या तिरक्या स्लॅबवर असतो, सळया त्यात असतात. वरचा पायरीचा त्रिकोण कधी काँक्रीटचा, कधी नुसत्या विटांचा निघतो. छन्नी-हातोडी किंवा हलका हॅमर पुरतो.

पॉलिश दगड पायऱ्यांवर नको. मोजे घातलेला किंवा ओला पाय त्यावरून सटकतो. लेदर किंवा फ्लेम फिनिश, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा दगड घ्या आणि कडेजवळ दोन-तीन खाचा मारून घ्या.

दिवेलागण

काळा नको, एवढंच सांगायला लिहितेय. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायच्या आधी वर्षभर मी तशाच जिन्यावरून ये-जा केली. चढताना ठीक होतं. उतरताना मात्र पायऱ्या दिसायच्याच नाहीत, एक सलग काळा उतार दिसायचा. मी भिंतीला हात लावून, पावलाने कड चाचपत उतरायचे आणि घरात कुणाला सांगायचे नाही.

रायझरला पांढरा दगड लावून उपयोग नाही. उतरणाऱ्याला रायझर दिसतच नाही, फक्त ट्रेड दिसतो. म्हणून ट्रेडच्याच कडेला बोटा-दोन बोटांची वेगळ्या रंगाची पट्टी हवी, प्रत्येक पायरीला. ठिपक्याठिपक्यांचा दगडही टाळा, त्यात कड हरवते. आणि दिवा पाठीमागे असेल तर स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते. लँडिंगला एक दिवा आणि बटण खाली-वर दोन्हीकडे, याची वायर दगड बसायच्या आधीच टाकून घ्या.

उंबरठा

काल रात्री मी आणि मुलाने मिळून सगळं मोजलं. ट्रेड सगळे 250. रायझर चौदा ठिकाणी 175, पण पहिला 160 आणि लँडिंगनंतरचा, म्हणजे नववा, 192!

सासूबाई नेहमी लँडिंगवर थांबतात. आम्हाला वाटायचं दम लागतो. आज विचारलं तर म्हणाल्या, "तिथली पायरी उंच आहे, गुडघ्याला सांगावं लागतं." इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. पहिल्याचं कारण सापडलं, हॉलमध्ये मागे जुन्या फरशीवरच नवी टाइल घातली होती. नवव्याचं काय करायचं?

ओळंबा

आकडे नीट घेतलेत, उत्तर त्यातच आहे. एकूण उंची 2802, भागिले 16, म्हणजे 175. पहिल्या सात पायऱ्या आणि लँडिंग आत्तापेक्षा 15 मिमी वर घ्या. पहिला रायझर 175 होईल, मधले तसेच राहतील आणि नववा आपोआप 177 वर येईल. तेवढे दोन मिमी मसाल्यात जुळतात. लँडिंगच्या वरच्या पायऱ्यांचा तयार दगड मात्र आहे त्याच पातळीला आला पाहिजे. नवा थर 24-25 चा असल्याने जुनी फरशी दोन्हीकडे काढावीच लागेल. तोडायच्या आधी प्रत्येक पायरीची तयार पातळी भिंतीवर खुणा करून ठेवा आणि कारागिराला त्या खुणांवरच काम करायला लावा.

रेलिंगची उंची नव्या दगडाच्या कडेपासून 900 मिमी धरा. खांब काँक्रीटमध्ये रुतले पाहिजेत, नुसत्या दगडात नाही. दोन गजांमध्ये 100 मिमीपेक्षा कमी जागा ठेवा. भिंतीच्या बाजूलाही एक गोल पाइप लावा, मुठीत मावेल असा, आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे जाऊ द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरताना दोन्ही हातांना आधार लागतो.

उंबरठा

पट्टीसाठी फिकट पिवळा दगड पाहिलाय, बाकी राखाडी लेदर फिनिश. पट्टीचा रंग सासूबाईंनीच निवडला, लँडिंगवर उभ्या राहून, तीन तुकडे खालच्या पायरीवर ठेवायला लावून. काम होईपर्यंत त्यांचा पलंग खालच्या खोलीत आणलाय. भिंतीवरच्या खुणा आज मुलगा करतोय.