मदत हवी आहे : ‘क्लॅन्सी ऑफ द ओव्हरफ्लो’चे स्वागत

गुरांचे कळप हाकणाऱ्या क्लॅन्सीच्या मोकळ्या रानजीवनाचे शहरातून रंगवलेले चित्र असलेली, ऑस्ट्रेलियन कवी बँजो पॅटरसन यांची ही कविता सिडनीच्या ‘द बुलेटिन’ साप्ताहिकात २१ डिसेंबर १८८९ रोजी प्रसिद्ध झाली. अंगठ्याचे नख डांबरात बुडवून लिहिल्यासारखे वाटणारे तिच्यातील पत्रोत्तर माझ्या मनातून जात नाही. १८९२ मध्ये त्याच साप्ताहिकात कवी हेन्री लॉसन यांनी रानवस्तीच्या अशा रम्य चित्रावर कवितेतूनच टीका केली, आणि मला त्यांची बाजू अधिक खरी वाटते. तरीही १८९५ मधील पॅटरसन यांचा संग्रह हातोहात खपला. गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्यांनी (‘गुराखी’ हा शब्द इथे तोकडा पडतो) ही कविता आपली मानली, की ती शहरी वाचकांचीच राहिली? त्या काळची परीक्षणे किंवा आठवणी कोणी वाचल्या असल्यास कृपया कळवावे.