मदत हवी आहे : आईच्या पोटरीत रात्री गोळे येतात

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो. आई ६४ वर्षांची, मधुमेह १२ वर्षांपासून, मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) चालू. गेले तीन आठवडे पहाटे पोटरीत असा गोळा येतो की ती कळवळून उठते. चवडा वर ओढून धरला की सुटतो, पण ठणका दुपारपर्यंत राहतो.

चवथीत (गणपतीत) नेवऱ्या-पातोळ्यांचं गोडधोड झालं (पथ्य मोडलं, कबूल!), तेव्हापासून उपाशीपोटीची साखर २१० ते २४०. रात्रीत चार-पाचदा लघवीला उठते. साखर वाढली की लघवीवाटे पाणी आणि क्षार जातात, म्हणून गोळे येऊ शकतात, एवढं कळतं. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं म्हणतात. तळव्यांना मुंग्याही येतात, त्या त्यामुळे की मधुमेहाने नसा बिघडल्यामुळे?

शेजारच्या काकी रोज शहाळं द्या म्हणतात. साखर इतकी असताना धीर होत नाही. शिवाय शहाळ्यात पोटॅशियम असतं आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे, तिच्यामुळे पोटॅशियम खालीवर होत असेल तर?

डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. जाताना सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), बी१२ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून नेलं तर पुरे का? कुणाच्या घरी असं झालंय का, आणि शेवटी कारण काय निघालं?