जुन्या डीएसएलआरचं अ‍ॅपर्चर बिघडलं की बॉडी थेट भंगारात?

शहापूरकर
वडगावच्या एका पोरानं इथं विचारलं होतं : सेकंडहँड डी९० (निकॉनचा डीएसएलआर कॅमेरा) घेतलाय. ५० एमएम १.८ डी लेन्स लावली की डिस्प्लेवर 'एफईई' येतं आणि शटरच पडत नाही. १८-१०५ ही झूम लेन्स लावली की फोटो निघतात, पण एफ/११ ला पांढरेफटक. त्यावर निपाणीकरांनी लिहिलं, "अ‍ॅपर्चरचा घोळ म्हणजे बॉडी गेली. २००८ चं मॉडेल, त्यावर रुपया घालू नको. भंगारात दे, मिररलेस कॅमेऱ्याला पैसे साठव." त्याला धडाधड लाईक पडले. असा सल्ला ऐकून चांगल्या बॉड्या कपाटात कुजतात, म्हणून सविस्तर लिहितोय. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान.

एफईई हा बिघाडच नाही. डी लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग असते. ती एफ/२२ च्या नारिंगी आकड्यावर नेऊन शेजारच्या कळीनं लॉक करायची. तोवर बॉडी शटर सोडणार नाही, ती तशीच बनवलीय. एका मिनिटाचं काम.

१८-१०५ चं दुखणं वेगळं. या लेन्सची भोक लहानमोठं करणारी पाती बॉडीतल्या एका बारक्या दांडीवर चालतात. बघताना ती पूर्ण उघडी असतात, म्हणून आकडा बदलला तरी व्ह्यूफाइंडरमध्ये फरक दिसत नाही. फोटो काढताना क्षणभर मिटतात. पात्यांवर तेल उतरलं असेल तर ती रेंगाळतात, शटर उघडतं तेव्हा भोक अजून मोठंच असतं आणि फोटो ओव्हर, म्हणजे जास्तच उजळ, जातो. हा लेन्सचा दोष. दांडी वाकली असेल तर मात्र बॉडीचा.

कुठला ते घरीच कळतं. ऑटो आयएसओ (उजेडाप्रमाणं सेन्सरची संवेदनशीलता आपोआप बदलणं) बंद, एम मोड (सगळं हातानं ठरवायचं), उजेड न बदलणारी एक भिंत. एक फोटो एफ/५.६ आणि १/२०० सेकंद, दुसरा एफ/११ आणि १/५० सेकंद. दोन्ही सारखेच उजळ यायला हवेत. दोन्ही लेन्सवर करून बघ. एकाच लेन्सला फरक पडला तर ती लेन्स, दोन्हींना पडला तर बॉडी. हे न करता भंगार कसं म्हणता?

निपाणीकर
साहेब, भिंतीचे फोटो काढायला वेळ आहे त्यांनी काढावेत. आमचं पोट लग्नावर चालतंय. अंतरपाट खाली आला आणि लेन्स अडकली तर भटजींना परत धरायला सांगू का? जुनी बॉडी आज चालती, उद्या चालंल याची खात्री कोण देणार? कोल्हापूरला दाखवायला न्या, ते म्हणणार पार्ट नाही, पुण्याला पाठवू. महिना गेला, सीझन गेला. मी पोराला नुकसानीतनं वाचवायलोय, तुम्ही नादाला लावायलाय.

शहापूरकर
त्या पोरानं लग्नाची ऑर्डर घेतलीय असं कुठं लिहिलंय? त्याला शिवजयंतीचे चित्ररथ काढायचेत, राजहंसगडावर जायचंय. त्याच्या गरजेला तुमच्या धंद्याचं माप का लावता?

चिकोडी_क्लिक
एवढं काय डोकं खाताय? लेन्सच्या मागचे सोनेरी ठिपके पेन्सिलच्या खोडरबरानं घासा, सगळं ठीक होतं. माझा एरर ०१ असाच गेला.

शहापूरकर
एरर ०१ कॅननचा. कॅननच्या ईएफ माउंटला (लेन्स बसवायच्या जोडाला) १९८७ पासून दांडीच नाही, अ‍ॅपर्चर लेन्समधल्या मोटरवर चालतं. तिथं संपर्क तुटला की एरर येतो, म्हणून पुसून फरक पडला असेल. पण एफ/३.५ ला फोटो निघतो आणि एफ/८ ला एरर येतो असं असेल तर घासत बसू नका, बहुतेक वेळा आतली रिबन केबल तुटलेली असते. आणि खोडरबर नकोच. वरचा मुलामा झिजतो, भुगा आरशाच्या पेटीत पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब स्वच्छ कापडावर घ्या, पुरतो. डी९० वरचा फोटो ओव्हर जाण्याशी या ठिपक्यांचा संबंध नाही.

चिकोडी_क्लिक
माझं काम झालं की खोडरबरानं. तुमचं पुस्तक तुमच्यापाशी.

खानापूरची_लेक
अ‍ॅपर्चरचा विषय निघालाच आहे तर लग्नवाल्यांना एक विचारते. तुमच्या लेन्स एफ/१.८ वर, म्हणजे मागचं सगळं धूसर करणाऱ्या मोठ्या भोकावर, अडकल्यात का? माझ्या लग्नाचा अल्बम आणून दाखवू का? नवऱ्याच्या मुंडावळ्या दिसतात, मागं उभी असलेली सगळी माणसं धुकं. अक्षता टाकताना माझी आजी माझ्या खांद्यामागं उभी होती. एका फोटोत तिचा चेहरा धड नाही. ती आता नाही. विचारलं तर फोटोग्राफर म्हणाला, "ताई, सिनेमॅटिक लूक आहे." मला लूक नको होता, माणसं हवी होती.

निपाणीकर
ताई, तुमच्या आजींचं वाईट वाटलं. पण सगळ्यांना एकाच पंगतीत बसवू नका. गावाकडच्या कार्यालयात उजेड बघितलाय? एका कोपऱ्यात पिवळा बल्ब, दुसऱ्यात हिरवट एलईडी, वर शामियाना. फ्लॅश बाउन्स करायला छत नाही. एफ/८ ठेवलं तर आयएसओ चढवावा लागतो आणि फोटोत खडी पडती. आणि बॅकग्राउंड उडवा म्हणून मागं कोण लागतंय? नवरा-नवरीच. मोबाईलवर दुसऱ्यांचे फोटो दाखवतात आणि 'असंच पाहिजे' म्हणतात.

खानापूरची_लेक
नवरानवरीचे दोघांचे काढताना उडवा की! अक्षतांच्या वेळी, सुनमुख बघताना, पाठवणीला कशाला? ते क्षण दोघांचे नसतात, घराचे असतात.

टिळकवाडी_काका
मुलीचं अगदी बरोबर. आमच्या वेळी रोलवर काढायचे, एका लग्नाला दोन-तीन रोल. तरी मांडवातला प्रत्येक पाहुणा ओळखू येतो. फ्लॅश तोंडावर मारलेला असायचा, पण मामा कुठला आणि काका कुठला ते कळायचं. आता हजार फोटो देतात आणि माणूस ओळखायला चष्मा बदलावा लागतो.

शहापूरकर
हिशेबच मांडतो. डी९० सारख्या बॉडीवर ५० एमएम, माणूस २ मीटरवर. एफ/१.८ ला साधारण ११-१२ सेंटीमीटर खोलीपुरतंच स्पष्ट राहतं. नवरीच्या खांद्यामागची आजी त्यात कशी बसेल? एफ/५.६ ला तीच खोली ३५ सेंटीमीटरच्या वर जाते. फ्लॅश छताकडं जात नसेल तर स्टँडवर लावून बाजूनं मारा. उजेड नाही ही अडचण खरी, पण त्यावर १.८ हे एकच उत्तर नाही.

निपाणीकर
स्टँड कुठं ठेवू? मांडवात पोरं पळत असतात, एकदा पाडलाय, नुकसान मी भरलंय. हे सगळं खोलीत बसून फुलांचे फोटो काढणाऱ्यांनी शिकवू नये. तुम्ही एक लग्न काढून दाखवा, दुपारच्या मुहूर्तापासून रात्रीच्या वरातीपर्यंत, उपाशी. मग सेंटीमीटर मोजा.

शहापूरकर
उपाशी राहता हे चूकच आहे आणि ते यजमानांनी बघायला पाहिजे. त्यात दुमत नाही. पण तुमच्या थकव्यानं त्या ताईंच्या आजी अल्बमात येत नाहीत.

चिकोडी_क्लिक
लग्नवाल्यांच्याच बॉड्या सेकंडहँडमध्ये येतात हे कोण बोलतच नाही. पाच सीझन पिळायची आणि 'घरगुती वापर' लिहून विकायची.

निपाणीकर
पुराव्यानं बोल. शटर काउंट (आजवर किती फोटो निघाले तो आकडा) बघून घ्यायला कुणी अडवलंय?

चिकोडी_क्लिक
शटर काउंट दांडी वाकलेली सांगतो का? पात्यांवरचं तेल सांगतो का? विकणाऱ्याला माहीत असतं. त्यानं सांगायला पाहिजे.

शहापूरकर
हा मुद्दा पटला, खोडरबर सोडून. घेणाऱ्यानंही लेन्स काढून, लेन्सच्या मागं असलेली दांडी नखानं हलकी सरकवून सोडून बघावी. पाती झटक्यात जागेवर आली पाहिजेत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ओल हटत नाही, त्यामुळं टॉर्च मारून आत फंगस (बुरशी) आहे का तेही बघावं. उन्हाळ्यात बॅग गाडीत उन्हात राहिली की ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं.

वडगावचा_डी९०
दादा, काका, सगळ्यांना नमस्कार. वर तुमचं लग्न चाललंय, तोवर मी घरात सगळं करून बघितलं. ५० ची रिंग २२ वर लॉक केली, एफईई गेलं. भिंतीवर ५० चे दोन्ही फोटो सारखे. १८-१०५ चा ११ वाला पांढरा. लेन्स काढून दांडी सोडली तर पाती हळूहळू येऊलेत. बॉडी ठीक आहे म्हणायची का?

शहापूरकर
ठणठणीत. लेन्सची पाती तेलकट झालीत. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर पाती हलवावीच लागत नाहीत, म्हणून तिथं फोटो बरोबर येतील. तोवर तशी वापर. साफ करायचा खर्च विचार आणि सेकंडहँड १८-१०५ च्या भावाशी ताडून बघ. स्वतः उघडू नकोस, पाती परत बसवणं सोपं नाही. चित्ररथांना ५० ने, एफ/२.८ च्या आसपास.

निपाणीकर
बॉडी वाचली, ठीक आहे, भंगार म्हणालो ते मागं घेतो. पण लेन्स गेलीच ना? म्हणजे घोळ होताच. आणि धंद्याला जुनी बॉडी नकोच, हे मी सोडणार नाही.

खानापूरची_लेक
आणि अक्षतांना एफ/५.६.

निपाणीकर
ताई, उजेड असला तर काढीन. नसला तर निदान दोन-चार तरी काढीन, एवढं कबूल. आणि वडगावच्या पोरा, माझ्याकडं एक १८-१०५ पडून आहे. रविवारी निपाणीला ये. पण एफ/११ चा फोटो भिंतीवर काढून बघितल्याबिगर पैसे काढू नको, माझ्याकडनं घेतलास तरी.