ट्रामचा पैसा कुठून आणायचा: ऑफिसच्या पार्किंगवरून की पगाराच्या बेरजेवरून?

रूळकरी (धागाकर्ता)
युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार चारशेहून अधिक शहरांना २०२७ अखेर शाश्वत वाहतूक आराखडा करायचा आहे. आराखडे होतील, घोडं अडतं पैशापाशी. सरकारी अनुदान बहुतेक वेळा रूळ टाकायला मिळतं. गाडी रोज चालवायचा खर्च शहराच्या गळ्यात. म्हणून शहराकडे दरवर्षी येणारा, वाहतुकीसाठीच राखलेला पैसा हवा. माझ्या मते त्यात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची पद्धत सर्वांत चोख आहे.

तिथे २०१२ पासून कंपन्यांच्या आवारातल्या पार्किंगवर कर आहे. एका वेळी कर्मचाऱ्यांच्या जास्तीत जास्त किती गाड्या उभ्या राहतील, तो आकडा घालून मालकाने परवाना घ्यायचा. दहापर्यंत पूर्ण सूट, अकरावी गाडी आली की सगळ्या धरल्या जातात. ग्राहकांच्या गाड्या मोजत नाहीत. सुरुवातीला जागेमागे वर्षाला २८८ पौंड होते, २०२३ मध्ये ५२२ झाले. लंडनमध्ये शहरात गाडी आणण्यावर कर आहे, त्यासारखे वेशीवेशीवर कॅमेरे लागत नाहीत, त्यामुळे वसुली स्वस्तात होते. याच पैशाच्या आधारावर ऑगस्ट २०१५ मध्ये ट्रामचे दोन नवे फाटे सुरू झाले.

बेरीजवाला
असहमत. खोट हद्दीत आहे. नॉटिंगहॅमची ट्राम बीस्टनपर्यंत जाते, ते शेजारच्या नगरपालिकेत. तिथली कंपनी ट्रामचा फायदा घेते, कर भरत नाही. शिवाय कर यशस्वी झाला की गाड्या घटतात आणि उत्पन्नही आटतं.

फ्रान्स बघा. १९७१ पासून पॅरिस भागात आणि १९७३ पासून इतर शहरांत मालकांकडून एकूण पगाराच्या काही टक्के वाहतुकीसाठी घेतले जातात. आज ११ किंवा अधिक कर्मचारी असलेल्यांना तो लागू आहे. खुद्द पॅरिसमध्ये २०२४ पासून दर ३.२० टक्के. वसुली सामाजिक विम्याच्या हप्त्यांबरोबरच होते, वेगळा माणूस नेमावा लागत नाही. नांतमध्ये १९८५ ला, ग्रनोबलमध्ये १९८७ ला, स्ट्रासबूर्गमध्ये १९९४ ला ट्राम परत आली, त्यामागे हा पैसा होता.

रूळकरी
हद्दीचा मुद्दा मान्य. आटण्याचा नाही: दर वाढवता येतो आणि तो वाढवलाही आहे. पगारावरच्या कराला गाडी दिसतच नाही. ज्यांचे पाचशे लोक बसने येतात आणि ज्यांचे पाचशे गाडीने येतात, ते दोघे सारखंच भरतात. मग पार्किंगची जागा कमी करायला मालकाला कारण काय? नॉटिंगहॅममध्ये मालकाने दहा जागांना साखळी लावली, की पुढच्या परवान्यात दहाचे पैसे वाचतात.

खोदकाम
तुम्ही दोघे पैसा येतो कुठून यावर भांडताय. तो जातो कुठे, तेही बघा. स्कॉटलंडमधल्या एडिनबराची ट्राम: अंदाज ५४.५ कोटी पौंड, ठेका २००८ चा, गाडी धावली मे २०१४ मध्ये, मार्ग छाटून आणि ७७.६ कोटी पौंड खर्चून.

कारण जमिनीखाली होतं. रुळाखाली काँक्रीटचा सलग थर असतो. त्याखाली पाण्याची, गॅसची नळी राहिली, तर प्रत्येक गळतीला ट्राम बंद ठेवावी लागते. म्हणून नळ्या आधी बाजूला घ्याव्या लागतात. जुन्या शहरात त्या नकाशाबरहुकूम नसतात. फूटपाथलगत दाखवलेली नळी रस्त्याच्या मधोमध निघते. एडिनबरात ते काम आणि आराखड्याची रेखाटनं अपुरी असतानाच रुळांच्या ठेक्यावर सही झाली. मग प्रत्येक अनपेक्षित नळी म्हणजे ठेकेदाराचा वाढीव दावा आणि थांबलेलं काम. प्रिन्सेस स्ट्रीट मुख्य बाजाराचा रस्ता, तोही उखडून ठेवावा लागला.

न्यूहेव्हनपर्यंतचा पुढचा टप्पा २०२३ मध्ये २०.७ कोटींत झाला, कारण रस्त्याचा एकेक तुकडा एकदाच उघडून नळ्या आणि रूळ दोन्ही उरकले. भूवेधी रडार फिरवा, दर चौकात चाचणी खड्डा हाताने खणा, मगच किंमत ठरवा. त्याआधीचा आकडा कर ठरवायला वापरू नका.

वळसा
मुळात एवढं खणायचंच कशाला? बेल्जियममधल्या गेंटने एप्रिल २०१७ मध्ये मध्यवर्ती शहराचे सहा भाग केले. गाडीने एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावरूनच जावं लागतं. सामान काय, तर पाट्या, खांब, कुंड्या आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे.

बेरीजवाला
गेंट मलाही आवडतं, पण तिथे ट्राम आधीपासून होती आणि शहर सपाट आहे, सायकल सहज चालते. गाडी वळसा घालायला लागली तेव्हा माणसाजवळ दुसरी सोय तयार होती. ती नसेल तर सगळा भार वळणरस्त्यावर येतो आणि तिथली बसही गर्दीत अडकते.

वळसा
मग त्याच रस्त्यावर आधी बसची मार्गिका आखा, खांब नंतर रोवा. रंग आणि पाट्या एका उन्हाळ्यात होतात. ट्रामचा पैसा जमेपर्यंत तेवढी वर्षं फुकट घालवायची नाहीत, एवढंच मी म्हणतोय.