रॉ फोटो कशात उघडायचे? माझं मत: भाडं भरण्याआधी डार्कटेबल शिका

कातळसडा (रत्नागिरी):
आपल्याकडे कुणी नवा कॅमेरा घेतला की पहिला सल्ला मिळतो, ‘लाइटरूम घे.’ लाइटरूम म्हणजे अ‍ॅडोबी कंपनीचं, वर्गणी भरून वापरायचं फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर; डार्कटेबल त्याच कामाचं दुसरं. मला हा सल्ला पटत नाही.

रॉ फाइल म्हणजे तयार फोटो नव्हे, ती सेन्सरची नोंद. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची काच असते: निम्म्यांवर हिरवी, पावावर लाल, पावावर निळी. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून काढतं. त्यामुळे एकाच फाइलचे दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळे फोटो होतात, आणि निवड महत्त्वाची ठरते ती इथे.

दशावताराचंच घ्या. जत्रेतली रात्र, एलईडीचा झगझगाट, राजाचा लालभडक शेला. कॅमेऱ्याने स्वतःच बनवून दिलेल्या फोटोत, म्हणजे जेपेगमध्ये, तो शेला एकसपाट लाल डाग होतो. रॉमध्ये मात्र त्याच्या चुण्या बऱ्याचदा शाबूत असतात, कारण १४ बिटच्या फाइलीत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये दर रंगाला २५६. त्या चुण्या बाहेर काढायच्या तर प्रकाश आणि रंग कसा दाबला जातोय हे आपल्या हातात हवं. डार्कटेबल ते हातात देतं, तेही फुकट. केलेले बदल फोटोशेजारीच एका छोट्या एक्सएमपी फाइलीत राहतात.

लाइटरूमची कायमची विकत मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी, तिचे अपडेट २०१७ अखेर थांबले. आता वर्गणी बंद केलीत की फोटो सुधारायचा डेव्हलप विभाग बंद. फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, पण आपण केलेल्या कामात पुढे नीट हात घालता येत नाही. ही अट मला मान्य नाही.

लग्नसराई (कुडाळ):
ताई, तुम्ही हौसेने काढता, मी पोटासाठी. मे महिन्यात एकामागून एक लग्नं, दर लग्नाचे हजारो फोटो, आणि मुंबईकर पाहुणे परत जायच्या आत त्यांना निवड दाखवायची. लाइटरूममध्ये एक फोटो बसवला की तेच माप पुढच्या शंभरांवर टाकतो, हात न थांबता. डार्कटेबलातही ते जमतं, माहीत आहे. पण त्यात उजेड-सावली बसवायला फिल्मिक घ्यायचं की सिग्मॉइड, हे नवशिक्याला कोण सांगणार? वर्गणी मी लाइटबिलासारखी धंद्याच्या खर्चात धरतो. शिवाय लाइटरूममध्ये २०२३ ला आलेल्या, फोटोतले नॉइझचे ठिपके पुसणाऱ्या एआय डीनॉइझने मांडवातल्या अंधारातले फोटो वाचतात, ते सोडून देऊ?

भरतीओहोटी (वेंगुर्ला):
दोघेही लांबचा रस्ता धरताय. निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ, कॅननवाल्यांना डिजिटल फोटो प्रोफेशनल, दोन्ही कॅमेरा कंपन्यांचीच सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. कॅमेऱ्यात जी रंगछटा निवडली तीच पडद्यावर येते. समुद्रकिनारी फिरायला येऊन फोटो काढणाऱ्याला याहून जास्त काय लागतं?

कातळसडा:
भरतीओहोटी, उद्या कॅमेऱ्याची कंपनी बदललीत की? ती सॉफ्टवेअर आपापल्याच रॉ फाइली उघडतात. जुन्या फोटोंसाठी एक, नव्यांसाठी दुसरं, असं किती सांभाळणार?

जांभादगड (राजापूर):
माझं मत तिसरंच. मी कातळशिल्पांचे फोटो काढतो, बारसू, देवाचे गोठणे इकडचे. उथळ कोरीव रेषा, सकाळचं तिरपं ऊन, आणि सगळीकडे जांभ्याची भोकं. इथे बारीक पोत टिकणं हेच सगळं. त्यासाठी रॉथेरपी हे सॉफ्टवेअर. त्यातली अमेझ पद्धत पिक्सेलांमधले रंग फार निगुतीने भरते, आणि कॅप्चर शार्पनिंगने रेषा उठतात, कडेला पांढरी किनार न येता. २०१० पासून ते मुक्त स्रोत आहे.

लग्नसराई, एआय डीनॉइझ लग्नात चालेल. नोंदीच्या फोटोत मी ते ठामपणे नाकारतो. दगडाचं भोक आणि नॉइझचा ठिपका यात सॉफ्टवेअरने अंदाज बांधला तर ती नोंद कसली? ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. त्यांच्या फोटोत नसलेलं काही भरणं मला अक्षम्य वाटतं.

मालवणी_माणूस (मालवण):
तुमचा सगळा खरा, पण माझो लॅपटॉप जुनो आसा. वेगळा ग्राफिक कार्ड नाय. डार्कटेबलात एक पट्टी सरकवली की फोटो बदलाची वाट बघूक लागता. ह्या कोण सांगणा नाय. फुकट सॉफ्टवेअरासाठी नवो लॅपटॉप घेवचो तर ता फुकट कसा?

कातळसडा:
दादा, हा मुद्दा रास्त. जड मॉड्यूल, म्हणजे मशिनला दमवणारी हत्यारं, शेवटी लावा, तोवर काम हलकं चालतं. पण जुन्या मशिनवर एआय डीनॉइझ त्याहून जास्त रखडेल, तेही ध्यानात घ्या.

लग्नसराई, पुढच्या जत्रेतली एक रॉ फाइल मी इथे टाकते. तुम्ही लाइटरूममध्ये करा, जांभादगड रॉथेरपीत, मी डार्कटेबलात. शेला बघू.

लग्नसराई:
टाका. पण एकच नको, अख्ख्या रात्रीचे फोटो द्या, आणि प्रत्येकाला किती वेळ लागला तेही लिहायचं. एका फोटोवर तासभर बसून कुणीही जिंकेल.

जांभादगड:
मान्य. माझी एक अट: शंभर टक्के मोठं करून बघायचं, मोबाइलवर नाही.