सरसकट फरशी नको, आधी जमीन बघा
दफनभूमीत सरसकट फरशी घालून टाका, गवताची कटकटच नको, असं इथे कुणीतरी सुचवलंय. आपल्या नाशिकच्या काळ्या मातीत ते टिकत नाही हो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आजोबांच्या कबरीची फरशी तिसऱ्याच वर्षी मधोमध तडकली, फटीतून गाजरगवत वर. (घाई आमचीच, भराव बसायला निदान एक पावसाळा द्यायला हवा होता.) त्यापेक्षा कबरींभोवतीचे कठडे टाळा, म्हणजे गवत कापायचं मशीन सरळ फिरतं. महायुद्धातल्या सैनिकांच्या कित्येक दफनभूमींत कबरींचे दगड एकेकटे न रोवता रांगेखाली काँक्रीटची सलग पट्टी घातलेली असते, त्यामुळे ते कलत नाहीत. आणि रांगांमध्ये हातगाडीपुरती वाट सोडाच. तशी वाट नसल्याने आमच्याकडे अजून माती घमेल्यानेच वाहतात.