अनुभव धागा : निघणं आणि पोहोचणं यांच्या मधले फोटो

मुक्कामाच्या ठिकाणी फोटो कसे काढावेत यावर भरपूर लिहून झालंय. हा धागा मधल्यासाठी आहे: गाडीची खिडकी, फलाट, विमानतळावरचं ताटकळणं, बोटीचा डेक, लॉजचा जिना, अजून न उघडलेली बॅग. इथे प्रकाश आपल्या मर्जीचा नसतो, मध्ये काच असते, आपण स्वतः हलत असतो आणि हाताशी वेळ असतो जेमतेम सेकंदाचा. "मी अमुक ठिकाणी गेलो तेव्हा" हे दुसऱ्या धाग्यावर. इथे आकडे लिहा, काय फसतं आणि का फसतं ते लिहा. मोबाइलवाल्यांनी मागे राहू नये.

खिडकीकडची_सीट :

आधी वेगाचा हिशेब. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. १/५०० सेकंदाचं शटर उघडून मिटेपर्यंत गाडी ४ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. शंभर मीटरवरच्या झाडाला त्याचं काही वाटत नाही; २८ मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३६×२४ मिमी) सेन्सर धरला तर फोटोत दोनेक पिक्सेलची ओढ, म्हणजे पुसटलेली रेघ. रुळालगत ५ मीटरवर असलेल्या खांबाला मात्र तीच ओढ ३५-४० पिक्सेलची होते, आणि १/२००० केलं तरी नऊ-दहा उरतातच. म्हणून "शटर किती ठेवू?" या प्रश्नाला अंतर कळल्याशिवाय उत्तर नाही. दूरच्या दृश्याला १/५०० पुरतं, शेतातल्या घराला १/१००० लावा. जवळचं कुंपण रेखीव मिळवायचा हट्ट सोडून द्या.

उलट त्याला मुद्दाम पसरू द्यावं. १/१५, एफ ११ (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान), आणि चौकटीत खिडकीची कड किंवा समोरच्या सीटचा हात. डब्यातलं सगळं आपल्याबरोबरच धावत असल्यामुळे ते जागच्या जागी राहतं, बाहेरचं वाहून जातं. भर उन्हात हे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० लाही जमत नाही, जवळपास चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड जास्त होतो. तेव्हा एनडी १६ फिल्टर (उजेड सोळाव्या हिश्शावर आणणारी गडद काच) लावा किंवा संध्याकाळची वाट बघा. दहा फ्रेम घ्याव्यात, डब्याच्या हादऱ्यांतून एखाददुसरीच बरी निघते. कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवलं की हादरा थेट कॅमेऱ्यात येतो. कोपर बरगडीला घट्ट धरा.

काचेतलं प्रतिबिंब घालवायला सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे लेन्सपुढे लावायचा, घडी होणारा रबरी हूड. तो काचेला नुसता लागू द्या, दाबू नका. हूड नसेल तर गडद रंगाचं जॅकेट लेन्सभोवती गुंडाळा. पांढरा शर्ट घालून खिडकीशी बसलात तर प्रत्येक फोटोत तुम्हीच. दुहेरी काच असेल तर तिरकं काढताना दिव्यांची दोन-दोन प्रतिबिंबं येतात, तिथे शक्यतो सरळ समोर धरावं.

आणखी एक, कोणत्या बाजूला बसायचं? ज्या बाजूच्या काचेवर ऊन येत नाही त्या. काचेवरचा मळ उजळत नाही आणि बाहेरच्या दृश्यावर ऊन समोरून पडतं. सकाळी दक्षिणेला जाणाऱ्या गाडीत उजवी बाजू, संध्याकाळी डावी. तिकीट काढतानाच ठरतं हे.

ढगांच्या_वर :

काचेतल्या प्रतिबिंबावर पोलरायझरही (ठरावीक दिशेचा प्रकाश अडवणारा फिल्टर) सुचवला जातो, त्याबद्दल एक भर. काचेवरचं प्रतिबिंब तो पूर्ण कापतो ते फक्त काचेशी साधारण ३४ अंशांच्या तिरप्या कोनात. सरळ समोरून त्याचा उपयोग नाही, वर दीडेक स्टॉप उजेडही खातो. विमानात तर लावूच नका. तिथली खिडकी काचेची नसून अ‍ॅक्रिलिकची असते आणि तिच्यातले ताण पोलरायझरमधून इंद्रधनुषी पट्ट्यांसारखे दिसतात. जागा पंखाच्या पुढे घ्यावी. इंजिनाच्या मागे बसलं की गरम हवेच्या झोतातून पाहावं लागतं आणि जमीन पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. फोकस नेमका खिडकीवरच्या ओरखड्यावर बसत असेल तर मॅन्युअलवर जाऊन दूरच्या ढगाच्या कडेवर लावून ठेवा. अ‍ॅपर्चर एफ ४ च्या आसपास. एफ ११ ला सगळे ओरखडे मोजता येतात.

फक्त_मोबाइल :

मोबाइलला हा एफ ४ चा उपाय लागू नाही. सेन्सर लहान असल्यामुळे काचेवरचा ठिपकासुद्धा बऱ्यापैकी ओळखू येतो. काच पुसा, मोबाइल काचेला जवळजवळ चिकटवा, फ्लॅश बंद, दूरवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. चालत्या गाडीत नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो. खिडकीबाहेरचं प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं असल्यामुळे त्याचा चिखल होतो.

खांब तिरके का येतात? सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो, शेवटच्या ओळीपर्यंत खांब पुढे सरकलेला असतो. मोबाइल उभा धरला तर वाचन आडव्या दिशेनं होतं. मग खांब तिरके होत नाहीत, पण जाड किंवा बारीक होतात. यातलं कोणतं खटकत नाही ते आपापलं बघावं. कॅमेरावाल्यांनी "सायलेंट" (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) सोडून मेकॅनिकल शटर लावलं की हा प्रश्न बहुतेक सुटतो.

ताटकळ :

प्रतीक्षालयात फोटोवर आडवे काळे-पिवळे पट्टे येतात ते दिव्यांच्या लुकलुकण्यानं. ५० हर्ट्झची वीज असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. गाड्यांचे एलईडी फलक याहून वेगळे, ते तुकड्यातुकड्यानं पेटतात. १/५०० ला अर्धं नाव गायब, १/६० किंवा त्याहून संथ शटरला बहुधा पूर्ण दिसतं.

रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. आत ट्यूबचा हिरवट, बाहेर निळा, चहाच्या यंत्राचा भलताच, असे तीन रंग एका चौकटीत असतात. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं आपोआप साधलेला रंगांचा तोल) प्रत्येक फ्रेमला मत बदलतो. ४००० केल्व्हिनला बांधून टाका आणि घरी सगळी मालिका एकदम सुधारा.

सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, कस्टम्स इथे कॅमेरा बाहेर काढू नये. चौकट कितीही मोहक असली तरी.

साडेतीन_मीटर :

फलाटावर किंवा बोटीवर चढता-उतरताना ऑटोफोकसची वाटच बघू नका. फुल फ्रेमवर २८ मिमी, एफ ८, फोकस ३.३ मीटरवर: १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत पुरेसं रेखीव. ऑटो आयएसओ, किमान शटर १/२५०. कॅमेरा बॅगेत नाही, गळ्यात. एवढंच.

दिवेलागण :

खिडकीच्या आतलं आणि बाहेरचं दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवं असेल तर सूर्यास्तानंतरची साधारण १५ ते ३० मिनिटं सोन्याची. डब्यातले दिवे आणि बाहेरचं आकाश तेव्हा एका पातळीवर येतात. विषुववृत्ताजवळ हा वेळ आणखी आखूड. त्याआधी आतले लोक काळ्या आकृत्या होतात, त्यानंतर काचेचा आरसा होतो. त्या आरशावर चिडण्यापेक्षा तोच काढा, फक्त फोकस काचेवर नको. प्रतिबिंब काचेच्या पलीकडे तेवढंच दूर असतं: वस्तू काचेपासून १ मीटर आणि तुम्ही अर्धा, तर फोकस दीड मीटरवर.

झोपलेल्या सहप्रवाशांबद्दल माझं मत कडक आहे. चेहरा नको. लोंबकळणारा हात, सीटखालच्या चपला, खिडकीच्या दांडीवर वाळणारा टॉवेल यांतून प्रवासाचा शिणवटा जास्त कळतो. जागा माणूस असेल तर विचारा. त्याच्या सावध झालेल्या चेहऱ्याचा पहिला फोटो जाऊ द्या, पाच मिनिटांनी तो पुन्हा आपल्या तंद्रीत जातो.

बाष्प :

एसी डब्यातून दमट फलाटावर उतरलं की लेन्सवर धुकं धरतं. उतरण्याआधीच, गार डब्यात असताना, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास उघडू नका. बाष्प मग पिशवीवर बसतं. तोवर लेन्स काढू नये, नाहीतर सेन्सरवरच धुकं. तेवढ्या वेळात मोबाइल खिशात ठेवलेला असेल तर तो अंगाच्या उबेमुळे कमी धुकट होतो.

फिल्मवाल्यांसाठी: रोल चेक-इन सामानात कधीच नाही. नव्या सीटी (त्रिमितीय क्ष-किरण) स्कॅनरमधून कमी आयएसओची फिल्मही जाऊ देऊ नये, हातानं तपासायला सांगा. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवले असतील तर काम लवकर होतं.

घड्याळ :

मधल्या फोटोंची खरी अडचण घरी आल्यावर कळते: हा फलाट कुठला? धातूच्या डब्यात जीपीएस क्षीण असतं आणि मोबाइल कधी कधी जुनंच ठिकाण चिकटवतो, त्यामुळे नकाशावर फोटो काही किलोमीटर मागे पडतो. कॅमेऱ्याचं घड्याळ प्रवासभर बदलू नका. रोज सकाळी मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्यानं काढा, फरक मोजून सगळे वेळ नंतर एकदम सरकवता येतात. गाडी हळू होताना स्थानकाच्या पाटीचाही एक, कसाही आला तरी. सुटल्यावर ती पुन्हा मिळत नाही.